जुन्या सरप्लस (फौजेने विकून टाकलेल्या) गोळ्या झाडल्यावर .३०३ रायफल कशी साफ करावी? तेल लावूनही नळीला गंज का चढला?

तेल लावलंत, पण त्याआधी नळी पाण्याने धुतली नाहीत, म्हणून. बंदूक पाण्याने धुवायची, हे मलाही आधी पटलं नव्हतं. इथे ओहायोत घेतलेल्या पहिल्या ली-एनफिल्डची (म्हणजे .३०३ रायफलचीच) नळी मी महागड्या सॉल्व्हंटने लखलखीत केली, तेल लावलं, आणि चार दिवसांनी चिंदी फिरवली तर ती तांबडी!

जुन्या लष्करी काडतुसांच्या प्राइमरमध्ये, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे आपल्या मिठाचंच भावंड. ते नळीत चिकटतं आणि दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. फोडणीच्या तेलात मीठ टाकून बघा, विरघळतं का? तुमच्या नळीतही तेलाखाली ते मीठ तसंच बसून होतं.

रेंजवरून आलो की त्याच संध्याकाळी, जेवायच्या आधी मी हे उरकतो. मॅगझीन आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, गोळी बसते ती जागा) रिकामं आहे ना, हे डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालूनही. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा, हाताने सरकवायचा दांडा) काढायचा, नळीचं तोंड बादलीत, चेंबरमध्ये लांब दांडीचं नरसाळं, आणि वरून किटलीभर उकळतं पाणी. ब्रिटिश फौजेची ही जुनीच रीत. मीठ गार पाण्यानेही जातं, पण उकळत्या पाण्याने नळी इतकी तापते की मागे राहिलेला ओलावा आपोआप उडून जातो. धरायला जाड फडकं घ्या, आणि लाकडात पाणी मुरू देऊ नका. मग चिंदी कोरडी निघेपर्यंत चिंद्या. एनसीसीत पुलथ्रू (नळीतून चिंदी ओढायची दोरी) ओढला असेल तर हात आपोआप चालेल. त्यानंतर नेहमीचं सॉल्व्हंट, ब्रश, आणि आता ते तेल.

बोल्टचं तोंड बहुतेक जण विसरतात. फायरिंग पिनच्या भोकाभोवतीही तेच मीठ असतं. ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, तेलाचं बोट लावा. गॅरंड किंवा एसकेएस, म्हणजे गोळीच्याच गॅसवर पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल असेल, तर तिच्यातला तो गॅस झेलणारा सिलिंडर आणि पिस्टनही धुवावा लागतो. हाताने बोल्ट ओढायची बोल्ट-ॲक्शन बरी वाटते ती यासाठीच. काच पुसायचा अमोनियाचा फवारा काही जण वापरतात. त्यात मीठ विरघळवतं ते पाणीच, मग किटली काय वाईट?

खोक्यावर काय छापलंय यावर विसंबू नका. जुनं सरप्लस म्हटलं की प्राइमर गंजवणारा, असंच धरून चाला. माझ्याकडच्या काही काडतुसांच्या बुडावर 'केएफ' (किर्की फॅक्टरी) आहे, म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्यातली! ती झाडली की किटली चढवावीच लागते. (भारतात .३०३ प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्यांना बंदी असलेल्या मापाची, असल्याने हे सगळं बाहेर राहणाऱ्यांसाठीच.)

दुसऱ्या दिवशी एक चिंदी फिरवून बघा. तांबूस निघाली तर पुन्हा किटली. आणि पुढच्या वेळी पहिली गोळी भरण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंदीने पुसून टाका.