आपली चाल दुसऱ्याच्या गळ्यातून पहिल्यांदा ऐकताना

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही दोन कवितांना चाली लावल्या, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये पेटी, तबला, बासरी भरून ट्रॅक केले, आणि आता रंगभूमी दिनाच्या आठवड्यात सांगलीतला एक हौशी महिला वृंद ती गाणी मंचावर गाणार आहे. पहिली तालीम ऐकून तुम्ही खट्टू होऊन घरी आलात. रूपकातल्या (सात मात्रांच्या तालातल्या) गाण्यात 'माय' हा शब्दच पडतोय, म्हणजे त्याचं वजन जातंय, केहरव्यातल्या (आठ मात्रांच्या तालातल्या) गाण्याचा मुखडा, म्हणजे फिरून येणारी पहिली ओळ, मध्येच तुटतोय, गायिकेचा गंधार (ग) उतरलेला वाटतोय, एकूणच हे माझं गाणं वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आणि विचारलंय की त्यांना सरळ ट्रॅकवरच गायला सांगू का.

ट्रॅकवर गायला लावू नका. मी या भागात वर्षानुवर्षं पेटीची साथ करतो, अधूनमधून चालीही बांधतो, म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो. तुमच्या तक्रारी खऱ्या आहेत. पण प्रत्येकीचं कारण वेगळं आहे, आणि बहुतेक गोष्टी दोन तालमींत सुटतील अशा आहेत.

रूपकापासून सुरुवात करतो, खरी मेख तिथेच आहे. अ‍ॅपमध्ये सात मात्रांचं चक्र लावलं की पहिल्या मात्रेचा ठोका सगळ्यात जोरात वाजतो. तुम्ही त्या ठोक्यावर 'माय' बसवलंत आणि आठवडेच्या आठवडे तसंच ऐकत राहिलात. तबल्यावरचा रूपक मात्र 'तीं तीं ना, धी ना, धी ना' असा चालतो. पहिल्या मात्रेला डग्गा, म्हणजे डावा, खर्जातला तबला, बोलतच नाही, कारण रूपकाची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) कालावरच, म्हणजे टाळी नसलेल्या रिकाम्या जागीच येते. डग्ग्याचा भरीव आवाज चौथ्या आणि सहाव्या मात्रेला मिळतो. म्हणजे तुमचा सगळ्यात जड शब्द ठेक्याच्या सगळ्यात हलक्या जागी आला. गायिका बरोबर गातेय, तबलजीही बरोबर वाजवतोय, आणि तरी शब्द पडतोय.

याला दोन उपाय आहेत. एक म्हणजे ओळ अशी सरकवा की 'माय' चौथ्या मात्रेवर पडेल आणि तिच्याआधीचे शब्द पहिल्या तीन मात्रांत येतील. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. शब्द समेवरच ठेवा, पण त्याला दोन मात्रा द्या, आणि आत्ता सरळ षड्जावर (सा) आदळतोय तो वरून मिंडेनं, म्हणजे स्वर न तोडता घसरत, उतरून येऊ दे. तुमची कविता गेलेल्या आईबद्दल आहे. अशा ठिकाणी समेला डग्गा गप्प असणं हे उलट त्या शब्दाच्या उपयोगाचं आहे, आवाज एकटा ऐकू येतो. फक्त तबलजींना आधी सांगून ठेवा की तिथे भर देऊ नका. सुगम गाण्यात काही जण सवयीनं समेला घुमारा देतात. शक्य असेल तर एका संध्याकाळी वृंद नको, पेटी नको, फक्त तबलजींसमोर बसून दोन्ही गाणी स्वतः म्हणा. चाल ठेक्यात कशी बसते ते तिथे जेवढं कळतं तेवढं कुठल्याच यंत्रावर कळत नाही.

आता मुखडा. 'कृष्णाकाठी ऊन उतरले' ही ओळ मोजा. सोळा मात्रा, केहरव्याची बरोब्बर दोन आवर्तनं. तुमची लय मिनिटाला ८० मात्रांची आहे, म्हणजे एक मात्रा पाऊण सेकंदाची आणि सगळी ओळ १२ सेकंदांची. अ‍ॅपमधली बासरी ती एका दमात वाजवते, कारण तिला दम लागत नाही. माणसाला लागतो. घरी शांतपणे बसून १२ सेकंद निघतातही, पण मंचावर छाती धडधडत असताना, त्यातही ओळ वरच्या सुरात चढत असताना, श्वास मध्येच संपतो. म्हणून गायिका 'उत' म्हणून श्वास घेते आणि मग 'रले' म्हणते. तुमच्या कानाला खटकलं ते हेच.

'कृष्णाकाठी' आठव्या मात्रेवर संपतंय. ते सातव्या मात्रेवर संपवा आणि आठवी रिकामी सोडा. तेवढ्यात छान श्वास होतो, आणि 'ऊन' पुढच्या समेवर ताज्या दमानं येतं. लय ८० वरून ८८ केली तर सगळी ओळ ११ सेकंदांच्या आत बसते, तेही करून बघा. आणि हे वहीत लिहून द्या. तोंडी सांगितलेली श्वासाची जागा पुढच्या तालमीपर्यंत टिकत नाही. भातखंडे पद्धतीची लिपी वृंदातल्या कुणाला तरी येतच असेल. समेला फुली, कालाला शून्य, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, एवढं सगळ्यांना वाचता येतं. श्वासाच्या जागी स्वल्पविराम द्या, बायका लगेच पकडतात.

गंधाराबद्दल मात्र तुमच्या कानाची तपासणी आधी करू. षड्ज २४० हर्ट्झ धरला तर तंबोऱ्यातून घुमणारा शुद्ध गंधार ३०० ला येतो. की-बोर्डचा किंवा अ‍ॅपचा गंधार ३०२ च्या थोडा वर असतो, कारण त्यात सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. बहुतेक पेट्याही तशाच लावलेल्या. फरक छोटा दिसतो, पण ठहराव घेतलेल्या सुरात तो स्पष्ट ऐकू येतो. तुम्ही इतके दिवस चढा गंधार ऐकलात, आणि ज्या बाई तंबोऱ्यावर रियाज करतात त्यांना तो खालीच लागणार. पुढच्या तालमीत त्या ओळीपुरती पेटी थांबवायला सांगा आणि नुसत्या तंबोऱ्यावर ती ओळ ऐका. तिथेही उतरलेला वाटला तर खरंच उतरतोय, मग जरूर सांगा.

तंबोरा अ‍ॅपचा आहे की खरा, ते तुम्ही लिहिलं नाही. मिरज हाकेच्या अंतरावर असताना खरा मिळवायचा प्रयत्न कराच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथल्या कारागिरांनी जवारी काढलेला, म्हणजे घोडी घासून नाद भरदार केलेला, तंबोरा मागे वाजू लागला की काय होतं ते आपल्याला त्याआधीपासून ठाऊक आहे. खर्जाच्या (खालच्या षड्जाच्या) तारेतून गंधार आपोआप वर येतो आणि गाणारीला कुणी सांगावं लागत नाही. मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेनं तारा उतरतात, तेवढं मात्र पडदा उघडायच्या आधी पुन्हा लावून घ्यायचं.

पट्टीचंही बघा. अ‍ॅप उघडलं की जी पट्टी समोर येते तीत, म्हणजे पांढरी एकमध्येच (पेटीची पहिली पांढरी पट्टी षड्ज धरून), तुम्ही चाल बांधलेली दिसते. अंतरा तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या गंधारापर्यंत जातो. तिथे अर्ध्या वृंदाची ओढाताण होत असणार. काळी पाच किंवा काळी चारला उतरवा आणि मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, शब्द ऐकू येतात ना तेवढं तपासा.

आता 'हे माझं गाणं वाटत नाही' याबद्दल. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आपल्या सांगलीचे. त्यांच्या १९११ च्या 'मानापमान'मधल्या पदांना गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या. लोकांच्या मनात मात्र ती पदं राहिली ती बालगंधर्वांनी रंगवलेल्या नायिकेची, भामिनीची म्हणून. टेंब्यांचं मोठेपण त्यानं कमी झालं असं कुणी म्हणणार नाही. आपल्याकडे चाल बांधणारा वाट आखून देतो, आणि गाणाऱ्यानं तिच्यात आपल्या जागा घ्याव्यात हे गृहीतच असतं. पाश्चात्त्य वाद्यवृंदात लिहिलेला प्रत्येक स्वर वाजवायचा असतो, इथे तसा करार नाही. तुमच्या अ‍ॅपनं तुम्हाला त्या दुसऱ्या कराराची सवय लावली आहे.

हरिपूरला संगमेश्वराच्या देवळात एका भजनी मंडळानं माझी एक चाल म्हटली होती. अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीचा शेवट मी धैवतावर ठेवला होता. बायका तिथे थांबल्याच नाहीत, सहज पंचमावर उतरल्या आणि पुढची ओळ सगळ्यांनी एकदम उचलली. ऐकताना कारण लक्षात आलं. मी चाल बांधली ती एका गळ्यासाठी. धैवतावर एकटा माणूस रेंगाळू शकतो, पण तेवढ्या सगळ्या गळ्यांना तिथे एकत्र टिकणं कठीण. पंचमाला तंबोऱ्याच्या पहिल्या तारेचाच आधार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवावंसं वाटलं नाही. मी लिहिलेलं त्यांनी सोडलं होतं, आणि तरी माझ्या मनात जे होतं तेच अधिक भरून समोर आलं होतं. आता ती ओळ माझ्या वहीत पंचमावरच आहे.

म्हणून गायिकेनं केलेल्या बदलांकडे एकेक करून बघा. शब्द पूर्ण झाल्यावर घेतलेली हरकत, म्हणजे स्वरांची छोटी सजावट, असेल तर राहू द्या. शब्दाच्या पोटात शिरून तो फोडणारी मुरकी, म्हणजे स्वरांची झटकन घेतलेली गिरकी, असेल तर सांगा. तुम्ही कोमल निषाद घेतला आणि त्या शुद्ध घेताहेत, तर सांगायलाच हवं, कारण तिथे गाण्याचा रंग पालटतो. लय किंचित पुढेमागे होत असेल तर गप्प राहा. सांगायचं ते ज्या बाई वृंद बसवताहेत त्यांना, तालीम संपल्यावर, चहाच्या वेळी. सगळ्यांसमोर ओळ मध्येच थांबवून सांगितलं की ती ओळ पुढे कायम घाबरतच गायली जाते, हे मी फार वेळा पाहिलंय.

कार्यक्रमाच्या दिवशी साउंड चेकला हजर राहा. रिकाम्या सभागृहात आवाज घुमेल आणि शब्द एकमेकांत मिसळतील. त्यावरून लय कमी करायला लावू नका. माणसं भरली की कपडे आणि अंगं तो घुमारा शोषून घेतात आणि तीच लय मोकळी वाटते. साउंडवाल्याला एवढंच सांगा की मॉनिटरमध्ये तंबोरा आणि पेटी नीट ऐकू येऊ दे, तबला कमी चालेल. हौशी वृंद बेसूर होतो तो बहुतेक वेळा स्वतःचा षड्ज ऐकू न आल्यामुळे.

बसायला पहिली रांग घेऊ नका. तिथे स्पीकरचा आवाज डोक्यावरून जातो आणि कानावर जास्त येतो तो मंचावरचा मॉनिटर. मधल्या ओळींत, थोडं मागे, साउंडवाल्याच्या आसपास बसा. हातानं ताल देऊ नका, ओठही हलवू नका, मंचावरून दिसतं आणि गाणाऱ्या बाईचं लक्ष जातं. पहिल्या वेळी तुम्हाला चुकाच जास्त ऐकू येतील, कारण पुढचा स्वर कुठला ते सभागृहात तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसेल. शेजारच्या काकू मात्र ती ओळ आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत असतील. अंतरा संपून मुखडा परत येताना त्यांच्याकडे एकदा बघा. त्या मान डोलावून समेवर आल्या तर चाल पोचली.

सांगलीचे श्रोते चोखंदळ, म्हणून भीती वाटते, असंही तुम्ही लिहिलंय. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, तेव्हापासून या गावाला नवीन काही ऐकायची सवय आहे. नवीन चाल आहे हे कळलं की लोक कान देऊन ऐकतात, हा माझा अनुभव आहे. निवेदकाला कवीचं आणि तुमचं नाव लिहून द्या, आयत्या वेळी राहून जातं.

रेकॉर्डिंग वृंदाची परवानगी घेऊनच करा. साउंडवाल्याकडून थेट घेतलेलं कोरडं ऐकू येतं, पण शब्द आणि सूर तपासायला तेच बरं. प्रेक्षकांत ठेवलेल्या फोनमध्ये सभागृह ऐकू येतं, टाळीही. दोन्ही ठेवा, आणि तीन-चार दिवस दोन्ही ऐकू नका.

रूपकाच्या गाण्याची लिपी तयार झाली की ध्रुवपदाच्या पहिल्या दोन आवर्तनांचा फोटो पाठवा. 'माय' समेवर ठेवून मिंड कुठून घ्यायची, निषादावरून की वरच्या षड्जावरून, ते पेटीवर बसून बघतो आणि कळवतो.