वडिलांना तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन आणि सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) सुरू आहे. क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) १.६ आलंय. डाळ, दूध, अंडी बंद करावीत का?

करू नका. त्यांच्या डॉक्टरांनी किंवा डाएटिशियनने रिपोर्ट बघून सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. भेटायला आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं म्हणून तर अजिबात नको.

आमच्या अण्णांना गालाचा होता. चाळीस वर्षं तंबाखू-चुना. ऑपरेशननंतर रेडिएशन, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून असं सोललं की गार दूधही झोंबायचं. डॉक्टर म्हणाले, नाकातून नळी घालू. थोरल्या भावाने गावाहून फोनवरच तांडव केलं. "नळी लागली की माणूस गेला समज." शिवाय डाळ-दुधाने किडनीवर लोड येतो आणि उपाशी ठेवलं की गाठही उपाशी मरते, हे ज्ञान त्याने कुठूनतरी मिळवलेलं. मी धाकटा. गप्प बसलो.

आठ दिवस अण्णा तांदळाच्या पेजेवर, तीही पाव वाटी. लघवी दिवसातून दोनदा, कोऱ्या चहाच्या रंगाची. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. मी बघत होतो आणि अशक्तपणा म्हणत होतो. क्रिएटिनिन ०.९ वरून २.१. त्या आठवड्याचं केमो रद्द, सलाइन सुरू.

सिस्प्लॅटिनचा मार किडनीला बसू शकतो, म्हणून तर केमोच्या आधी-नंतर सलाइन चढवतात, त्यात मॅग्नेशियम घालतात. त्यात पोटात पाणी गेलं नाही की किडनीला दुहेरी मार. आमच्याकडे खोट पाण्याची होती, डाळीची नव्हे. उलट या उपचारात किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. पेजेतून कुठून येणार? आणि अंगावरचं मांस झडलं की क्रिएटिनिन मुळातच कमी दिसतं, तेव्हा १.६ ला "थोडंसंच वाढलंय" म्हणू नका.

शेवटी नळी घातली. दर दोन तासांनी २०० मिली. दूध, डाळीचं पाणी, नाचणीची पेज. नाचणी मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायची, नाहीतर नळी तुंबते, आणि ती तुंबते रात्री दोनलाच. दर वेळी शेवटी सिरिंजने साधं पाणी. लघवी बिसलेरीच्या बाटलीत मोजायचो, बाटलीवर पेनाने खुणा केलेल्या. पाचव्या दिवशी रंग फिका झाला. भाऊ आला तेव्हा अण्णा स्वतःच सिरिंज धरून बसले होते. त्याने विषय काढला नाही, मीही नाही. इथे काढतोय.

दुखतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणू नका, किडनीला तेही नडतं. काढे आणि गव्हांकुरही सध्या राहू देत.

आणि हो, वडिलांना आधीपासून किडनीचा किंवा हार्टचा आजार असेल तर पाणी किती आणि प्रोटीन किती, हे डॉक्टरच ठरवतील, माझं ऐकू नका. पोटॅशियम वाढलं असेल तर नारळपाणीसुद्धा नको.

दिवसाला लघवी किती होते ते तुम्ही लिहिलेलं नाही. नळीचा विषय निघाला असेल तर घरात आडवं कोण येतंय, तेही नाही.