सेटमधला एकच नग गेला तर कार्डाच्या विम्यातून किती मिळतं?

काही क्रेडिट कार्डांवर, कार्डाने घेतलेल्या वस्तूला चोरीसाठी विमा असतो. सोलापुरात नवी पेठेतून अशा कार्डावर घेतलेल्या 6 चादरींच्या सेटमधली एक चोरीला गेली, तर सहसा त्या एकीचेच पैसे मिळतात. सेट 5,400 चा असेल तर 900. उरलेले नग एकटे निरुपयोगी असतील आणि गेलेला सुटा विकत मिळत नसेल, तर काही पॉलिसी पूर्ण सेट धरतात; कानातल्यांच्या जोडीचंच उदाहरण घ्या ना! मात्र उरलेला नग कंपनी मागू शकते, तो टाकू नका.

दावा बहुतेक वेळा अडतो बिलावर. ‘चादर सेट, 1 नग’ एवढंच लिहिलं असेल तर एकीची किंमत ठरवायची कशी? दुकानदाराकडून नगवार दर लिहून घ्याच. चोरीला एफआयआर लागतो. ‘सापडत नाही’ हे कारण बहुधा चालत नाही.