लांब सोलो वाजवायचाय? आधी थांबायला शिक

भो, तुझं गिटार सोलोचं रेकॉर्डिंग ऐकलं. बोटं मस्त पळतात, पण दुसऱ्याच मिनिटाला तुझं सगळं सांगून झालं. पुढे नुसतं दळण.

‘ग्रेटफुल डेड’ बँडचा गिटारवाला जेरी गार्सिया, त्याचा १९६९चा लाइव्ह ‘डार्क स्टार’ लाव. सुमारे २३ मिनिटं! जॅमचा, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं वाजवण्याचा, पाया ए मिक्सोलिडियन ही स्वरमाला, म्हणजे आपल्या खमाज थाटाचेच सूर. गडी घाई करत नाही. एक छोटी ओळ घेतो, फिरवतो, सोडतो, परत येतो. ‘ऑलमन ब्रदर्स बँड’चा गिटारवाला ड्युएन ऑलमन तर माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन हे जॅझवाले ऐकायचा. त्याच्या बँडचं मार्च १९७१चं न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट हॉलमधलं रेकॉर्डिंगही ऐक.

जळगावात उन्हाळ्यात लाइट गेली की मी गॅलरीत अकूस्टिक घेऊन तीनच सुरांवर बसायचो. पहिले आठ दिवस वैताग. मग कळलं, सूर कमी असले की लय, जोर, मींड यांतूनच बोलावं लागतं. तूही रोज दहा मिनिटं तेच कर. वाजवताना तोंडानं गात जा. श्वास संपला की बोटही थांबव. तिथेच तुझी ओळ संपते.

आणि गिटारचा आवाज बदलणारं पेडल इतक्यात घेऊ नको रे, पैसे जातील. भरिताचं वांगं कसं तुरकाठ्यांवर निवांत भाजतो आपण, तसा सोलो तापू दे. वरची पट्टी शेवटच्या दोन मिनिटांसाठी ठेव.