पुठ्ठ्यातलं चौकोनी भोक

अनेक उत्तम आशीर्वाद.

घरचे सगळे मिळून आठवडाभर जंगलातल्या तळ्याकाठी राहायला चाललात, हे वाचून बरं वाटलं. पण पुढच्याच ओळीत तुझी कुरकुर: एवढ्या गोतावळ्यात चित्रांचं काम कसलं होणार, एकटी असते तर काहीतरी सुचलं असतं. अगं, तुझ्या वयाची असताना मीही अशीच तोंड फुगवून बसले होते. तीन दिवस सगळं सामान खांद्याला अडकवून पार पलीकडच्या काठाला जायचे, सुचण्याची वाट बघायचे आणि डास चावून घेऊन परत यायचे. त्या सुट्टीतलं एकच चित्र आज माझ्याजवळ आहे. धक्क्यावर ओला टॉवेल पिळणारी आत्या. जेवायला हाक येईपर्यंत करायचं काय म्हणून पाच मिनिटांत काढलेलं, तेही वैतागून.

गुस्ताव क्लिम्ट तुला सोनेरी वर्खाच्या चित्रांमुळे ठाऊक असेल. १९०० ते १९१६ या काळातले बहुतेक उन्हाळे त्याने ऑस्ट्रियातल्या आटरझे तळ्याकाठी घालवले, आणि तेही फ्लोगे कुटुंबाबरोबर, म्हणजे भावाच्या सासरच्या माणसांत. पोहणं, होडी वल्हवणं चालूच, आणि अधल्यामधल्या वेळात चित्रं. त्याची बरीचशी निसर्गचित्रं या सुट्ट्यांतली आहेत. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून त्यातून तो विषय हुडकायचा. १९०० सालच्या एका चित्रात तर जवळजवळ सगळा चौरस कॅनव्हास पाण्यानेच भरलाय, वर कडेला बेटाचं गडद टोक तेवढं दिसतं. एवढं मोठं तळं समोर असताना त्याने किती सोडून दिलं बघ.

अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफला मात्र गोतावळ्याचा खरंच जाच व्हायचा. १९१८ पासून कितीतरी वर्षं ती न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज तळ्याकाठी, छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झच्या (तिच्या पुढे झालेल्या नवऱ्याच्या) घरच्या लोकांत राहिली. आवारातल्या एका जुनाट खोपटाची डागडुजी करून तिथे ती कामाला बसायची, आणि १९२२ साली तिने त्या खोपटाचंच चित्र काढलं! तुला खोपट मिळणार नाही. पहाटेचा एक तास मिळेल, कारण तेव्हा घरचे झोपलेले असतात.

तो तास सोडू नकोस. वारा बहुधा उन्हं चढल्यावर सुटतो, त्यामुळे पहाटे पाणी आरशासारखं असतं. हवा पाण्यापेक्षा गार असली तर धुकंही उठतं. जलरंग नेशील तर ओल्या हवेत कागद लवकर वाळणार नाही, चिडशील. पहिले दोन दिवस पेन्सिलच बरी.

आता पाण्याचं. बहुतेक जण वर डोंगर काढतात आणि खाली तोच डोंगर उलटा करून चिकटवतात. तसं नसतं. प्रतिबिंबातलं दृश्य हे तुझा डोळा पाण्याच्या वर जितका आहे तितकाच खाली असता तर जे दिसलं असतं, ते असतं. म्हणून धक्क्याच्या फळ्यांची खालची बाजू पाण्यात दिसते, आणि काठावरच्या झाडांमागून डोकावणारा डोंगर प्रतिबिंबात त्या झाडांआड पार गडप होऊ शकतो. गडद झाड पाण्यात जरा फिकं पडतं, उजळ आकाश जरा मंदावतं. बारीक लाटा असल्या की खोडाचं प्रतिबिंब खाली लांबच लांब ओढलं जातं. पायाशी सरळ खाली बघितलंस तर शंभरातला दोनेक भाग उजेडच परत येतो, म्हणून तळातले खडे दिसतात. नजर जसजशी लांब टाकशील तसतसं पाणी आकाश होत जातं. तळ नक्की कुठे दिसेनासा होतो ती जागा शोध. मला त्या एका पट्ट्याने एक अख्खी सुट्टी पुरली होती.

तू बसलीस की धाकटा भाऊ नेमका तिथेच दगड टाकणार, हे गृहीत धर. त्याला ओरडू नकोस, अजून टाकायला सांग. वर्तुळं जवळ गोल वाटतात आणि लांब गेली की चपटी होत जातात. कागदावर ती चपटी जमली की पाणी आपोआप आडवं पडतं. आई पाण्यात पाय सोडून बसली तर घोट्याखालचे पाय कसे आखूड दिसतात ते काढ. बाबा होडी बांधताना एका हाताने दोर धरतात की दोन्ही? ही माणसं रोज तुझ्यासमोर असतात, पण घरी कुणी इतका वेळ एका जागी बसतं का? नुसत्या डोंगरापाण्याची चित्रं आणलीस तर मी बघेन, पण मला आत्यासारखं काहीतरी जास्त आवडेल.

फोटोवरून चित्र तिथे असताना तरी नको. चौकोनी भोकाचा पुठ्ठा घरूनच कापून ने, तळहाताएवढा पुरे. पानावर तारीख आणि वेळ टाक. आणि परतताना रंगवलेली पानं ओली असतील तर एकावर एक ठेवू नकोस, चिकटतात. माझी दोन तशीच गेली.