वेगळं पातेलं चढवू नको

पोरी,

मेसेज वाचला तुझा. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, निघालं म्हणून गहू बंद, दूध बंद, डाळ बंद, वांगे-टमाटर बंद, अन वरून विचारतेस काका आता मी खाऊ काय. हे बंद करायला सांगितलं कोणी? न्यूरोच्या डॉक्टरनं का मोबाइलनं?

माझं एकच म्हणणं आहे, वेगळं पातेलं चढवू नको. घरात जे शिजते तेच खा, अन बदलायचं असेल तर सगळ्या घराचं बदल.

एमएसमधे आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू-मणक्यातल्या नसांवरचं आवरण खराब करते. अमुक खाल्लं की ते थांबते असा आहार अजून कोणी सिद्ध केला नाही. रॉय स्वँक डॉक्टरनं साय-लोणी-मटणाची चरबी कमी करून पेशंट वर्षानुवर्षं पाहिले, १९९० साली लॅन्सेटमधे ३४ वर्षांचा हिशोब छापला, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, मग गुण कशाचा आला हे ठरवायचं कसं? चरबी कमी केलेली बरीच, हृदयासाठी तरी. पण त्याला वेगळं पातेलं काहून लागते? भाजीवरची तर्री सगळ्यांचीच कमी कर, तुझ्या बाबाचं बीपीही खूश होईल.

ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. जवसात ओमेगा-३ नावाची चांगली चरबी असते, त्यानं एमएस जात नाही, पण दुकानातल्या महागड्या सप्लिमेंटच्या डब्ब्यानंही जात नाही. भाकर-भाजीनं पोट साफ राहते, अन या आजारात ते किती मोठं काम आहे हे तुले हळूहळू कळेलच.

अन पाणी! लघवीची घाई होते म्हणून पाणी कमी पितेस ना? न सांगता ओळखलं मी. लघवीत इन्फेक्शन झालं की ताप, ताप आला की पाय जड. आपल्याकडचा मे महिना तर तसाही वैरी, अंग तापलं की डोळ्यापुढे धूसर होते, चालणं बिघडते. बहुतेक वेळा तो एमएसचा नवा अटॅक नसते, थंडाव्यात बसलं की उतरते, पण एक दिवस होऊनही तसंच राहिलं तर डॉक्टरले फोन कर. वावरात जायचं तर सकाळीच, दुपारी ओला दुपट्टा अन कूलर. डी जीवनसत्त्व तपासून घे, डॉक्टर सांगतील तेवढंच घे.

याच आजारापायी माझंही ताट बरेच वर्षं वेगळं होतं. तुझी काकू दोनदा स्वयंपाक करे, मी लग्नाच्या पंगतीत घरचा डबा उघडून बसे, मग लाज वाटून लग्नाला जाणंच सोडलं. पुतणीच्या लग्नात नव्हतो मी. ते अजून लागते मनाला. आता लोक म्हणतात मास्तरची जीभ सुटली, म्हणू दे ना बाप्पा, काठी तेव्हाही हातात होती अन आताही आहे, पंगतीत मात्र बसतो आता. एखाद्या दिवशी वरणावर तूप जास्त पडते हेही खरं, मले त्याचा हिशोब विचारू नको.

अन ते शेवटी हळूच लिहिलंस ना, आधी डाएट करून पाहते, इंजेक्शनचं मग बघू. हे बिलकुल चालणार नाही. आवरण एकदा गेलं की सगळं भरून येतेच असं नाही, म्हणून तर औषध लवकर सुरू करायला सांगतात. राग येऊ दे माझा. इंजेक्शन कोणत्या तारखेपासून घेतेस ते कळव, डाएटचा चार्ट मले पाठवू नको.

तुझा काका