वाचक विचारतात : मँक्स नॉर्टन नव्याने घडवताना

प्रश्न : मँक्स नॉर्टन ही रेसिंग मोटरसायकल कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद केली, तरी इंग्लंडमध्ये आजही ती नवी बनवून मिळते असं कळलं. जुनी क्रँककेस (इंजिनाच्या खालच्या भागाचं ओतीव कवच) मिळाली, तर तिच्यावरून थेट पॅटर्न (साचा करायचा नमुना) काढून नवी ओतता येईल का?
– एक फाउंड्रीवाले वाचक, कोल्हापूर

उत्तर : थेट काढू नका. ॲल्युमिनियम गार होताना साधारण १.३ टक्के आखडतं. ३०० मिमी लांबीच्या भागावरून तंतोतंत पॅटर्न केलात, तर ओतलेला तुकडा जवळजवळ ४ मिमी तोकडा येईल. शिवाय जुन्या केसवरचा मशिनिंगसाठी ठेवलेला जादा माल केव्हाच छिलून गेलेला असतो. तो प्रत्येक तोंडावर ३ मिमी तरी परत धरावा लागतो. जुन्या केसवरून फक्त मापं घ्या, तीही जमल्यास दोन-तीन केसवरून, कारण इतकी वर्षं पळालेल्या केसची भोकं लंबगोल झालेली असतात. पॅटर्न करायचा तो ड्रॉइंगवरून.

खरी फसगत बेअरिंगच्या फिटमध्ये, म्हणजे ते भोकात किती घट्ट बसतं त्यात, होते. मूळ केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. ७२ मिमी बाहेरच्या व्यासाचं बेअरिंग धरा. इंजिन ८० अंशांनी तापलं की ॲल्युमिनियमचं भोक बेअरिंगपेक्षा सुमारे ०.०६ मिमी जास्त फुगतं, मॅग्नेशियमचं ०.०८. गार असताना घट्ट वाटलेलं बेअरिंग शर्यतीत सैल होतं, त्याची बाहेरची कडी फिरू लागते आणि भोक खाते. एका धातूचं फिट दुसऱ्याला लावू नका. बेअरिंग ठोकूनही बसवू नका. केस १०० ते १२० अंशांपर्यंत तापवली की ते अलगद आत उतरतं.

ब्लो होलची, म्हणजे ओतताना वायू अडकून राहिलेल्या छिद्रांची, तपासणी मशिनिंगनंतर करा. वरची कातडी निघाल्यावरच आतली छिद्रं उघडी पडतात.

प्रश्न : मँक्सची फेदरबेड फ्रेम टिग वेल्डिंगने (विजेच्या ज्योतीने धातू वितळवून) जोडली तर काय बिघडेल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नळी कुठली आहे, यावर ते ठरतं. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस यांची ही फ्रेम १९५० मध्ये शर्यतीत उतरली, ती रेनॉल्ड्स ५३१ या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची, ब्राँझ वेल्डिंगने जोडलेली. सव्वा इंची नळी, भिंत जेमतेम १.६ मिमी. टिगमध्ये नळीच वितळते, सांध्याशेजारचा पट्टा कमजोर होतो आणि तडा नेमका तिथे जातो. ब्राँझ त्याहून बऱ्याच कमी तापमानाला वितळतं, नळी शाबूत राहते.

पण ब्राँझही माफ करत नाही. नळी जिगमध्ये (नळ्या जागेवर धरणाऱ्या चौकटीत) दोन्ही टोकांना आवळून ठेवली आणि टॉर्च रेंगाळला, तर वितळलेलं ब्राँझ ताणाखालच्या पोलादाच्या कणांमध्ये शिरतं आणि तिथेच तडकतं. म्हणून एक टोक मोकळं सोडा, आधी सगळीकडे टाके (छोटे ठिपक्यांसारखे सांधे) घाला, मग डावा-उजवा सांधा आलटून पालटून भरा. नळीचं तोंड कानशीने घासून फट न राहील असं बसवा. शेवटी फ्लक्सचे (सांधा स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनाचे) काचेसारखे खडे गरम पाण्याने पुरते काढा. राहिले तर रंगाखाली गंज धरतो. टिगच करायचं असेल, तर क्रोम-मॉलिब्डेनमची ४१३० नळी घ्या. आमच्या मते तो प्रामाणिक बदल आहे, फक्त गाडी विकताना तो सांगा आणि जुना फ्रेम नंबर त्यावर ठोकू नका.

प्रश्न : इंजिनात एरंडेल तेलच घालावं का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : चालेल, पण खनिज तेलात मिसळू नका, दोन्ही एकजीव होत नाहीत. तेल बदलायचं तर टाकी, नळ्या, फिल्टर सगळं धुऊन घ्या. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर एरंडेल आधीच काढा. ते चिकट होऊन बारीक तेलवाटा बुजवतं.